सात नंबरचं लाल कार्ड

हल्ली मी साकोलीला असतो. ऑफिस सुटलं की हायवेच्या कडेच्या टपरीवर चहा घ्यायचा, हा माझा नेम. तिथे कॉलेजची पोरं मोबाइलवर फुटबॉल लावून बसलेली असतात आणि दर दहा मिनिटांनी रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. परवा कुणाला तरी लाल कार्ड मिळालं. एक म्हणाला, रेफ्री आंधळा आहे. दुसरा म्हणाला, विकला गेला असेल. मी पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला सरकारी कारकून, माझा या भानगडीशी काय संबंध! तरी तोंडातून निघून गेलं, ‘‘आधी सांगा, त्याचा बॉल खेळायचा प्रयत्न होता की नव्हता?’’ पोरांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी ग्लास घेऊन बाजूला झालो. तो प्रश्न मुळात माझा नव्हताच. तो मोहाडीच्या केशवभाऊंचा होता.

मोहाडीच्या तहसील कार्यालयात माझी बदली झाली, तेव्हा केशवभाऊंच्या घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली. सहा वर्षं राहिलो. केशवभाऊ विणकर. साठीला आलेले, अंगाने काटकुळे, चष्म्याच्या काड्यांना मागून दोरी बांधलेली. खाली त्यांची लांबलचक मागाची खोली होती आणि तिच्यात दोन माग समोरासमोर. जुन्या पद्धतीचे, खड्ड्याचे माग. विणणाऱ्याने जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, दाबायच्या पावड्या खाली पायाशी आणि कापड वर पोटाशी. एका खड्ड्यात केशवभाऊ बसत, दुसऱ्यात त्यांचा आठ वर्षांनी धाकटा भाऊ वासुदेव. मधे सात-आठ हात जमीन. दिवसभर दोघं कमरेपर्यंत जमिनीत रुतल्यासारखे एकमेकांच्या तोंडासमोर असत आणि एकमेकांशी अक्षरही बोलत नसत. मी राहायला गेलो तेव्हा या अबोल्याला पाच वर्षं झाली होती.

हे माझ्या लक्षात यायला महिना लागला, कारण दोघं रोज तावातावाने भांडत होते.

पाच वाजता माग थांबत. भिंतीवरच्या टीव्हीला मोबाइल जोडला जाई आणि आदल्या दिवशीची युरोपातली कुठली तरी मॅच पहिल्यापासून सुरू होई. मधल्या जमिनीवर सतरंजी. तिच्यावर शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे गजूमास्तर, मोबाइलच्या दुकानाचा मालक दिनेश, मी आणि कुणी ना कुणी आलेगेले. दोघे भाऊ मात्र आपापल्या खड्ड्यातच बसून राहत. मॅचचा निकाल ज्याला माहीत असेल त्याने तोंड उघडायचं नाही, असा कडक नियम होता. दिनेशला तो सकाळीच कळलेला असे, त्यामुळे बिचारा तीन तास गाल फुगवून बसायचा. एकदा त्याला न राहवून हसू आलं, तर केशवभाऊंनी त्याला दोन दिवस बाहेरच्या ओट्यावर बसवलं होतं. त्यानेही मुकाट्याने खिडकीतून मॅच पाहिली.

गोल कुणी मारला, कोण जिंकलं, याच्याशी केशवभाऊंना काही देणंघेणं नव्हतं. त्यांना रेफ्री बघायचा असे. शिट्टी वाजली रे वाजली की ते मॅच थांबवत आणि टीव्हीवरच्या रेफ्रीने हात वर करायच्या आत प्रत्येकाला निर्णय विचारत. नुसता निर्णय चालत नसे, कारणही द्यावं लागे. बॉल खेळायचा प्रयत्न होता का? गोलकडे तोंड होतं का? मागे दुसरा बचाव करणारा होता का? मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सहा महिन्यांत मी फ्री किक आणि पेनल्टीवर वाद घालायला लागलो. घरी बायकोला फोनवर ‘‘हेतू काय होता ते बघ’’ असं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, तिकडचं पाणी सोसत नाही तुम्हाला. एकेक मॅच अशी दोन दोन दिवस पुरायची.

आणि या वादात दोघे भाऊ बोलायचे ते माझ्यामार्फत. भाडेकरू म्हणून माझी जागा सतरंजीच्या बरोब्बर मधोमध होती.

‘‘साहेब, त्याईले सांगा,’’ वासुदेव टीव्हीकडे बघत म्हणे, ‘‘का हात अंगाले चिपकून होता. पेनल्टी कायची?’’

‘‘त्याले इचारा,’’ केशवभाऊ चष्मा वर सरकवत, ‘‘का खांद्याच्या वर कोनाचा हात अंगाले चिपकून राहाते.’’

दोघांनी एकमेकांचं सगळं ऐकलेलं असे. तरी मी मान वळवून, ‘‘ते म्हणतात की...’’ एवढं तरी म्हणावं लागे, नाहीतर उत्तर येत नसे. पहिल्यांदा मला हसू यायचं. मग मान दुखायला लागली. नंतर नंतर मात्र त्या खोलीत मला चक्क गुदमरायला व्हायचं. दार सताड उघडं, समोर रस्ता, आठवडी बाजाराला चाललेली माणसं, आणि आत हे दोघे आपापल्या खड्ड्यात. दोघांचा स्वयंपाक एक, पाण्याचा नळ एक, देवघर एक. माग काही उचलून दुसरीकडे नेता येत नव्हते आणि त्यांना दुसरं काम येत नव्हतं. मी एकदा केशवभाऊंच्या बायकोला, शांताकाकूंना, विचारलं की काय बिनसलं यांचं. काकू सुताच्या कांड्या भरत होत्या. म्हणाल्या, ‘‘मले नोका इचारू जी. मास्तरले इचारा.’’

केशवभाऊंचं एक पक्कं मत होतं. निर्णय एकदा दिला की दिला. आसपासच्या गावांत ते बरीच वर्षं रेफ्री होते, आणि हे मत मैदानातून घरी घेऊन आले होते. एकदा त्यांना भंडाऱ्याला सूत आणायला जायचं होतं आणि घाईत ते उलट्या बाजूच्या, तुमसरच्या एसटीत चढले. मी त्याच गाडीत होतो. कंडक्टरने सांगितलं, काका, अजून गाव सोडलं नाही, उतरून घ्या. केशवभाऊंनी तुमसरचं तिकीट मागितलं. तिथे उतरून स्टँडवर एक चहा प्यायले आणि पुढच्या गाडीने मोहाडीवरूनच भंडाऱ्याला गेले. मी विचारलं तर म्हणाले, चढलो म्हणजे चढलो. हे त्यांनी मला अगदी अभिमानाने सांगितलं होतं.

मैदानात व्हिडिओ पाहून निर्णय बदलायची नवी पद्धत आली, ती त्यांना मुळीच खपत नसे. टीव्हीवरचा रेफ्री कानाला हात लावून मैदानाच्या कडेला त्या छोट्या पडद्याकडे धावत निघाला की केशवभाऊ मान खाली घालून धोट्यातली कांडी उगाच काढत आणि परत घालत. एवढ्या वेळात ते एकदाही वर पाहत नसत. आणि वासुदेव त्या वेळी टीव्हीकडे बघतच नसे. तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात तसाच धरून तो भावाकडे बघत बसे. रेफ्रीने हाताने चौकोन काढून निर्णय बदलला की वासुदेव पुन्हा खर्रा चघळायला लागे. मी हे पुष्कळदा पाहिलं, पण अर्थ कळला नव्हता.

तो कळला गजूमास्तरांकडून. अबोला सुरू झाला त्या वर्षी मोहाडीच्या संघाचं व्यवस्थापन मास्तरांकडे होतं. गावागावांची स्पर्धा होती आणि अंतिम सामना मोहाडी विरुद्ध आंबागड. मोहाडीचा कॅप्टन वासुदेव. चाळिशी कधीच उलटलेली, गुडघे गेलेले, ही आपली शेवटची स्पर्धा असं त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आणि रेफ्री केशवभाऊ. भावाच्या मॅचला भाऊच रेफ्री कसा, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, आंबागडवाल्यांनीच मागितलं. हा माणूस सख्ख्या बापालाही सोडणार नाही, अशी दहा गावांत त्यांची ख्याती होती.

विणकरांच्या पोरांचा संघ, तेव्हा जर्सी आपल्याच हातच्या कापडाची असावी अशी टूम निघाली. केशवभाऊंनी कापड विणायला घेतलं. पातळाच्या पदरावर बुट्टी काढतात तसा प्रत्येक शर्टाच्या पाठीवर आकडा विणायचा. एकापुढे एक अशी चौदा पाठींची सलग पट्टी. सात आकडा विणून झाला तेव्हा समोर ऑफसाइडवरून वाद रंगला होता. केशवभाऊ बोलत राहिले, हात चालत राहिले, आणि त्यांनी आठाच्या जागी पुन्हा सातच विणला. शिंप्याने शर्ट सामन्याच्या दिवशी सकाळी आणून दिले. मास्तरांनी मोजले तर सात दोन, आठ एकही नाही. मास्तर म्हणाले, रेफ्रीला सांगू, कागदाचा आठ चिकटवू. वासुदेवने त्यांचा हात धरला.

‘‘दादाले सांगू नोका,’’ तो म्हणाला. ‘‘त्याच्या कापडात आजवर कोनी खोट काढली नाई. आज सगऱ्या गावासमोर निंगंल.’’

म्हणून एक सात वासुदेवने घातला आणि दुसरा पंकज नावाच्या पोराने. सामन्याआधी जर्सीचे आकडे तपासायचं काम रेफ्रीचं. केशवभाऊंनी आंबागडचे तपासले. मोहाडीचे तपासले नाहीत. आपल्याच मागावरचं कापड, त्यात काय तपासायचं!

पूर्वार्धात पंकजला पिवळं कार्ड मिळालं. केशवभाऊंनी वहीत लिहिलं, सात. ते नाव कधी लिहीत नसत. मैदानात माणूस नसतो, नंबर असतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. उत्तरार्धात वासुदेवने एकाला मागून पाडलं. पिवळं कार्ड बरोबरच होतं, वासुदेवने हातही वर केला. केशवभाऊंनी वही उघडली. सातच्या पुढे आधीच एक खूण होती, आणि दोन पिवळी झाली की लाल. त्यांनी लाल कार्ड काढलं.

‘‘माहं पयलंच हाय, दादा.’’

‘‘वहीत दोन हायेत,’’ केशवभाऊ म्हणाले.

वासुदेव क्षणभर उभा राहिला. एका वाक्यात सुटका होती. दोन सात आहेत, आणि तुम्हीच विणलेत, एवढं म्हटलं की झालं. मैदानाभोवती अख्खी मोहाडी उभी होती. दंडावरची कॅप्टनची पट्टी काढून वासुदेवने दुसऱ्याच्या हातात दिली आणि बाहेर गेला. मास्तर सांगत होते की पंकज तेवढा वेळ गोलच्या खांबाला पाठ टेकवून उभा होता, आकडा दिसू नये म्हणून. मोहाडी हरली.

सामना संपल्यावर मंडपात कुणीतरी ते दोन्ही शर्ट केशवभाऊंच्या पुढे टाकले. त्यांनी एक उचलला, दुसरा उचलला, दोन्ही आकड्यांवरून बोटं फिरवली. स्वतःचं काम ते डोळे मिटूनही ओळखतात. वासुदेव कोपऱ्यात बुटाच्या लेसा सोडत होता, तो थांबला. केशवभाऊंनी शर्ट घडी घालून खाली ठेवले आणि म्हणाले, ‘‘खेळ पुन्यांदा सुरू झाल्यावर निर्णय बदलत नसते.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ नेहमीच्या वेळी आपापल्या खड्ड्यात बसले. त्या दिवसापासून वासुदेव भावाशी बोलला नाही आणि मैदानावर गेला नाही. वासुदेवने दोष झाकला होता, हे मात्र मास्तरांनी केशवभाऊंना कधी सांगितलं नाही. वासुदेवनेच शपथ घातली होती.

मला केशवभाऊंचा राग येऊ लागला. विशेषतः एका कागदामुळे. दर वर्षी फुटबॉलचे नवे नियम निघाले की ते मला छापून आणायला सांगत. सरकारी शाई आणि सरकारी कागद यांचा मी केलेला हा एवढाच गैरवापर, तो कबूल करून टाकतो. एका वर्षी त्यांनी त्या जुन्या स्पर्धेच्या नियमांतलं एकच पान मोठ्या अक्षरात छापून मागितलं. मी ते वाचलं. चुकीच्या खेळाडूला कार्ड गेलं असेल, तर रेफ्रीने तसा रिपोर्ट समितीला द्यावा, असं त्यात होतं. सामन्याचा निकाल बदलत नाही, पण त्या खेळाडूच्या नावावरचं कार्ड उतरतं. म्हणजे वाट पहिल्या दिवसापासून होती आणि ती केशवभाऊंना माहीत होती. ते पान त्यांनी आपल्या बसायच्या घोंगडीखाली ठेवलं आणि दोन वर्षं त्याच्यावर बसून विणत राहिले.

मग वासुदेवचा मुलगा नागपूरहून आला. आई-वडिलांना तिकडे घेऊन जायचं त्याने ठरवलं होतं. वासुदेवच्या कमरेचं दुखणं वाढलं होतं, त्यामुळे नाही म्हणायला काही कारण नव्हतं. त्याचा माग उतरवला गेला. सागाचे खांब, फणी, पावड्या, सगळं अंगणात येऊन पडलं. दोन मजुरांनी घमेल्यांनी माती आणून खड्डा बुजवला आणि धुम्मसने ठोकून सपाट केला. केशवभाऊ या सगळ्यात धोटा मारतच होते. माती ठोकल्याचे हादरे त्यांच्या ताण्याच्या सुतांना बसत होते.

मजूर गेल्यावर खोलीत आम्ही दोघंच उरलो. माझ्याच्याने राहवलं नाही. मास्तरांना घातलेली शपथ मला कुणी घातली नव्हती. मी म्हणालो, केशवभाऊ, त्या सकाळी दोन सात आहेत हे वासुदेवला माहीत होतं. तुमच्या कापडाला बोल लागू नये म्हणून त्याने सगळ्यांची तोंडं बंद केली. मैदानातही त्याच कारणाने गप्प राहिला.

माग थांबला. त्यांनी समोरच्या सपाट मातीकडे पाहिलं. मग त्यांनी मला एवढंच विचारलं, ‘‘मास्तरले मालूम होतं?’’ मी हो म्हणालो. त्या दिवशी त्यांनी पुढे विणलं नाही आणि पाच वाजता मॅचही लावली नाही.

तीन दिवसांनी सकाळी दारात टेम्पो उभा होता. सामान चढत होतं. शांताकाकू जावेच्या गळ्यात पडून रडत होत्या. केशवभाऊ खड्ड्यात बसले होते. त्यांनी मला आत बोलावलं आणि एक कागद पुढे केला. प्रति, माननीय अध्यक्ष, स्पर्धा समिती. माझ्या ऑफिसातही इतका नेटका अर्ज येत नाही. खाली लिहिलं होतं: सात क्रमांकाचे दोन शर्ट माझ्याच मागावर माझ्या चुकीने विणले गेले. सामन्यापूर्वी मी ते तपासले नाहीत. पहिले पिवळे कार्ड दुसऱ्या खेळाडूचे होते. वासुदेव यास दाखवलेले लाल कार्ड चुकीचे आहे, तरी ते त्याच्या नावावरून काढण्यात यावे.

मी म्हणालो, समिती केव्हाच मोडली, अध्यक्ष तर वारले. आणि वासुदेव पंधरा पावलांवर उभा आहे. तुम्हीच द्या.

‘‘रेफ्री खेळाडूले रिपोर्ट देत नसते,’’ ते म्हणाले. ‘‘समितीले देते. तुमी समिती समजा अन् कळवा त्याले.’’

मला त्यांना हाताला धरून ओढत बाहेर न्यावंसं वाटलं. पण मी कागद घेऊन गेलो. वासुदेव टेम्पोच्या मागच्या फळीची साखळी लावत होता. त्याने चष्मा शोधला, कागद लांब धरला आणि वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्याचे ओठ हलत होते. ‘माझ्या चुकीने’ या शब्दांपाशी तो बराच थांबला असावा, कारण अंगठा तिथे होता. मग त्याने कागदाची बारीक घडी केली, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून बटण लावलं.

‘‘साहेब, त्याईले सांगा,’’ तो म्हणाला, ‘‘का रिपोर्ट मॅचच्याच दिवशी द्या लागते. आता समितीले काई करता येत नाई.’’

बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. तो पुढे जाऊन मुलाशेजारी बसला. मी आत येऊन केशवभाऊंना जसंच्या तसं सांगितलं. माझ्या इतक्या वर्षांच्या निरोप्यागिरीत एवढा जड निरोप मी नेला नव्हता. त्यांनी ऐकलं. मांडीवरचा धोटा बाजूला ठेवला.

‘‘बराबर हाय त्याचं,’’ ते म्हणाले.

वासुदेवचा एखादा निर्णय त्यांनी बरोबर म्हटल्याचं मी सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, अहो, हे त्याला जाऊन सांगा, अजून निघाला नाही तो. बाहेर टेम्पो नुसताच घुरघुरत उभा होता. वासुदेवने ड्रायव्हरला थांबवलं असेल, नाहीतर इतका वेळ लागायचं कारण नव्हतं. केशवभाऊंनी खड्ड्याच्या कडेवर दोन्ही तळवे टेकले आणि जोर केला. कमरेपर्यंत वर आले. एक गुडघाही काठावर आला. मी हात पुढे केला होता. तेवढ्यात टेम्पोने गिअर टाकला. त्यांनी तसंच अर्धवट टेकून दूर जाणारा आवाज ऐकला, आणि मग गुडघा खाली सोडून पुन्हा खड्ड्यात बसले.